वंशसंहाराचे प्राथमिक शालेय अध्यापन (फ्रान्स)

दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेला ज्यूंचा वंशसंहार फ्रान्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना, शिकवावा लागतो. २००२ च्या अभ्यासक्रमात त्याचा स्पष्ट उल्लेख होता. वर्गाचे बहुतेक विषय एकाच शिक्षकाकडे असल्याने इतिहासाला वाचनाची जोड देता येते. टोमी उंगेरर यांचे ‘ओटो’ (१९९९) हे टेडी अस्वलाच्या तोंडून सांगितलेले चित्रपुस्तक त्यासाठी उपयोगी पडते.

सुरुवात शक्यतो गावातल्या खुणांपासून होते. पॅरिसमधील अनेक शाळांच्या भिंतींवर तेथून छळछावण्यांत पाठवलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ फलक आहेत. १६ व १७ जुलै १९४२ रोजी पॅरिस परिसरात १३,१५२ ज्यूंना अटक झाली, त्यांत ४,११५ मुले होती. अटक करणारे पोलीस फ्रेंच होते. मुलांना हे सांगणे अवघड, पण ते वगळले तर पाठ खोटा ठरतो.

फेब्रुवारी २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातील प्रत्येक मुलावर मारल्या गेलेल्या एकेका ज्यू मुलाची स्मृती सोपवण्याची कल्पना मांडली. आउश्वित्झमधून वाचलेल्या सिमोन वेल यांनी तिला कडाडून विरोध केला आणि ती मागे पडली. तो विरोध रास्तच होता. मृताचे ओझे एकट्या लहान मुलाच्या खांद्यावर देणे म्हणजे शिक्षण नव्हे. त्यानंतर एलेन वेझबोर यांच्या समितीने संपूर्ण वर्गाने मिळून अभ्यास करण्याची वाट सुचवली.

अशा अभ्यासाचे ठळक उदाहरण इझ्यो येथील बालगृहाचे. डोंगराळ भागातल्या या घरात ज्यू मुलांना आसरा दिला होता. त्यांच्यासाठी सरकारने शिक्षिका नेमली होती, वर्गही भरत असे. ६ एप्रिल १९४४ रोजी, ईस्टरच्या सुटीच्या पहिल्या दिवशी, ल्योंमधील गेस्टापोचा (नाझी गुप्त पोलिसांचा) प्रमुख क्लाउस बार्बी याच्या हुकुमावरून गेस्टापोने ४४ मुले आणि ७ प्रौढांना पकडून नेले. त्या मुलांपैकी एकही वाचले नाही. त्यांची पत्रे व चित्रे मात्र टिकली. ती पाहताना विद्यार्थ्यांना आधी आपल्याच वयाची खेळणारी, आईला लिहिणारी मुले भेटतात. त्यांचा मृत्यू नंतर कळतो. १९९४ पासून तेथे स्मृतिसंग्रहालय असून शाळांच्या सहली येतात.

प्रेतांची छायाचित्रे दाखवणे किंवा बळी आणि शिपाई यांची नाटुकली बसवणे जाणकार शिक्षक टाळतात. हा विषय चौदा-पंधराव्या वर्षी पुन्हा अभ्यासक्रमात येतो, त्यामुळे छावण्यांतील हत्येचा तपशील तोवर राखून ठेवता येतो.