आधी कान, मग अक्षर

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की खेड तालुक्याची हद्द लागते, आणि त्या हद्दीतील पहिल्या काही गावांत कुरुळीची गणना होते. चाकणच्या कारखानदारीने गेल्या तीसेक वर्षांत या शिवाराचे रूप पालटून टाकले; रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीही कंटेनरांची घरघर आणि पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्यांचे भोंगे येथे थांबत नाहीत. तथापि याच कुरुळीहून आळंदी दोनेक तासांच्या चालीवर आहे, ही गोष्ट कारखान्यांच्या नकाशात दिसत नसली तरी गावाच्या स्वभावात अद्याप दिसते. मुलांना गाणे-वाजवणे शिकवले असता त्यांचे ऐकणे सुधारते आणि त्यायोगे वाचनही सुधारते, असे अलीकडे मोठ्या अप्रूपाने सांगितले जाते. आळंदीच्या पंचक्रोशीत हा सिद्धांत म्हणून कोणी मांडला नाही. तो वहिवाट म्हणून चालत आला.

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत, १८२४ साली, मुंबई सरकारने कलेक्टरांकडून गावठी शाळांची माहिती मागविली. दफ्तरात पडून राहिलेले ते कागद रा. वि. परुळेकरांनी पुढे प्रसिद्ध केले. त्या काळच्या पंतोजीच्या शाळेत छापील पुस्तक जवळजवळ नसेच. धुळाक्षरे बोटाने गिरवायची, आणि उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी ही सारी मंडळी एका सुरात, एका ठेक्यात, सामुदायिक ओरडीने पाठ करायची, असा तेथील शिरस्ता. समेवर पंतोजीची छडी पडे. ती बहुधा कोणाच्या तरी तळहातावर. या शिक्षणाला पुढील पिढ्यांनी ‘पोपटपंची’ म्हणून हिणवले, आणि अर्थग्रहणाच्या दृष्टीने ते हिणवणे यथायोग्यही होते. परंतु अक्षराचा तुकडा वेगळा ऐकू येणे, ही जी वाचनाची पहिली पायरी, ती त्या ठेक्याने पोराच्या कानात पक्की बसत असे, एवढे श्रेय त्या ओरडीला द्यावयास हरकत नाही.

या भागात मात्र शाळेपेक्षा देऊळ अधिक जुने आणि अधिक दांडगे. विष्णुबुवा जोग हे तरुणपणी तालमीत घुमलेले, पुढे आळंदीच्या ओढीने वारकरी झालेले गृहस्थ. त्यांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तोवर कीर्तनाची विद्या घराण्यांतून आणि फडांतून, ऐकून ऐकून, पाझरत येई. जोगमहाराजांनी तिला चार वर्षांचा अभ्यासक्रम दिला. विद्यार्थ्याकडून फी घ्यावयाची नाही, त्याने माधुकरी मागून राहावे, ज्ञानेश्वरी व गाथा यांचे अध्ययन करावे आणि त्याच दिनक्रमात गायन व मृदंगही शिकावा, अशी ती तजवीज होती. पुढे पुण्यात प्राचार्यपद भूषविणारे शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर हे जोगमहाराजांच्याच तालमीतले. ग्रंथ आणि मृदंग यांना एकाच छपराखाली, एकमेकांस पूरक म्हणून बसविणे, हे त्या संस्थेचे वैशिष्ट्य होते. आमच्या शिक्षणखात्याने मात्र गाण्याचा तास वेळापत्रकाच्या शेपटाला बांधला, आणि परीक्षा जवळ आली की तोच पहिल्याने कापला.

आळंदीच्या घाटावर सकाळच्या वेळी फेरफटका मारावा. दहा-बारा वर्षांचा पोरगा मांडी घालून बसलेला असतो. मृदंगाच्या डाव्या पुडीवर त्याने ओली कणीक थापलेली असते, उजवीवर शाई. परंतु हात लगेच कातड्यावर पडत नाही. आधी तोंडाने बोल: धा दीं ता, किट तक, गदि गन, तळहातावर टाळी देत, प्रथम ठाय लयीत, मग दुगण, मग चौगण. ‘तिट’च्या जागी ‘किट’ ऐकले तर बोटे चुकीच्या ठिकाणी पडतात आणि शेजारी बसलेला गुरू मान हलवतो. त्याच ‘तिट’मधल्या ‘त’ आणि ‘ट’ यांत तर जिभेच्या टोकाच्या हालचालीचे अंतर फार तर अर्ध्या बोटाचे. ते अंतर ज्याच्या कानाने टिपले त्याला पाटीवरचे ‘ताक’ आणि ‘टाक’ निराळे का लिहितात हे समजावून सांगावे लागत नाही.

भजनात उभा राहणाऱ्या मुलाचे काम याहून कठीण. विणेकरी मध्ये, दोहों बाजूंस टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग घुमतो आहे, आणि वीस-पंचवीस जोड्या टाळ एकदम झडताहेत. चरण म्हणणारा एकच; तो चरण त्या गजरातून उचलून मागे म्हणायचा असतो. रांगेच्या टोकाचा पोर पहिल्या दिवशी नुसते ओठ हलवतो, महिन्याभराने शेवटचा शब्द पकडतो, आणि वर्षाने सबंध चरण त्याच्या तोंडून सुटतो. चुकला तर शेजारच्या काकांचे कोपर लागते. पुढे सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणास बसला म्हणजे तोच मुलगा पोथीतल्या ओळीखाली बोट ठेवून, व्यासपीठावरील चालकाच्या आवाजाबरोबर ओवी म्हणत जातो. नऊ हजारांवर ओव्या; बोट मागे पडणारच. तेव्हा तो वाचणे थांबवून ऐकतो, कानात आलेल्या शब्दावरून पानातली जागा हुडकतो आणि पुन्हा बोट टेकतो. ऐकलेला ध्वनी आणि पाहिलेले अक्षर यांची सोयरीक जुळविण्याची याहून नामी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस व त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतील, मोफत संगीतशिक्षण घेणाऱ्या मुलांची तपासणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ‘बा’ आणि ‘गा’ यांसारखे निकटचे ध्वनी वेगळे ओळखण्याची मेंदूची शक्ती दोन वर्षांच्या शिक्षणाने वाढली, एका वर्षाने नाही. गलबल्यातून बोलणे उमगण्याची शक्तीही तशीच दोन वर्षांनी वाढलेली आढळली. ही मुले वाद्य हाती धरून गाणारी-वाजविणारी होती, नुसते ऐकणारी नव्हेत. टाळकऱ्याच्या रांगेतील पोराला एक वर्ष का लागते आणि दुसऱ्या वर्षी तो निर्धास्त का होतो, हे कुरुळीच्या एखाद्या म्हाताऱ्याने यंत्रावाचून सांगितले असते. मात्र याच विषयात अतिशयोक्तीही पुष्कळ झाली आहे. साला आणि गोबे या संशोधकांनी २०२० मध्ये ५४ अभ्यास एकत्र पडताळून दाखविले की, काटेकोर तुलना केली असता संगीताने मुलांची सर्वसाधारण बुद्धी वा शालेय प्रगती वाढते असे दिसत नाही. तेव्हा गाण्याच्या वर्गात घातलेले पोर गणितात पहिले येईल, या आशेने फी भरणाऱ्या पालकांनी थोडे सबुरीने घ्यावे.

आणि या भूमीवर त्या सबुरीचा पुरावा जात्याजवळ होता. पुणे जिल्ह्यातील बायांनी पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या गी पॉइटविन व हेमा राईरकर यांनी गोळा करावयास घेतल्या, आणि महाराष्ट्रभर हिंडून तो संग्रह एक लाखाच्या पलीकडे गेला. जात्याच्या फेऱ्याबरोबर यती सांभाळणारा, एका शब्दाच्या जागी तितक्याच मात्रांचा दुसरा शब्द क्षणात बसविणारा असा कान त्या बायांना होता. त्यांच्या मांडीवर निजलेल्या तान्ह्या पोरांचेही पहिले संगीतशिक्षण तेच. परंतु शेकडो ओव्या मुखोद्गत असणाऱ्या त्या मायेला सात-बाराच्या उताऱ्यावर अंगठाच उमटवावा लागे, कारण तिच्या कानाच्या तयारीवर पुढे पाटी कोणी ठेवली नाही. जोगमहाराजांच्या संस्थेची दारेही मुलग्यांसाठीच उघडली होती. केवळ कानावर सोपविलेली विद्या बिघडतही असते. म्हणूनच तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी हाती घ्यावी लागली.

याच पट्ट्यातील एका देवळात परवा संध्याकाळी हरिपाठ चालला होता. बाहेर हमरस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या आणि कर्ण्यांचा कहर चालला होता. आत रांगेच्या टोकाला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा, बाप बिहारहून चाकणच्या कारखान्यात आलेला, पुस्तिका उघडी धरून उभा होता. नागरी लिपी त्याला येत होती, परंतु ‘ळ’ हा वर्ण त्याच्या घरच्या बोलीत नाही. आरंभी तो आपल्या परीने ‘ल’ म्हणत होता. मध्येच त्याने वाचणे थांबविले, डोके वाकडे करून शेजारच्या आजोबांच्या तोंडाकडे पाहिले, आणि मग पुस्तिकेतल्या त्या अक्षरावर बोट ठेवून जीभ मागे वळविली. आजोबांनी टाळ न थांबवता भुवई उंचावली. हरिपाठ संपल्यावर गाव कोणते म्हणून मी त्याला विचारले, तेव्हा त्याने बिहारातल्या आपल्या छपरा गावाचे नाव घेतले नाही; म्हणाला, “कुरुळी.”