जुन्या मोटारीची कालनिश्चिती (जव्हार-मोखाडा)

जुनी मोटार कोणत्या वर्षी बनली, रस्त्यावर प्रथम कधी आली आणि आज दिसणारे तिचे भाग कोणकोणत्या काळचे आहेत, हे कागद आणि लोखंड यांच्या पुराव्यावरून ठरवण्याची रीत. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येणे विरळा. विक्रेता बहुधा त्यांतले सर्वांत जुने वर्ष सांगतो आणि आरसी बुकात सर्वांत अलीकडचे सापडते.

कागदाची वाट : जव्हार आणि मोखाडा हे तालुके शेजारी असले तरी १९४८ पूर्वी त्यांचे दप्तर एक नव्हते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, तर मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा. खोडाळा हे गाव याच पेट्यातले. संस्थानांत मोटारींची नोंद संस्थानी दप्तरात होत असे आणि पाटीवर संस्थानाचे नाव असे. कोल्हापूरच्या छत्रपतींची ‘कोल्हापूर १’ पाटीची मेबॅक हे याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण असून दसऱ्याच्या शाही सोहळ्यात ती आजही निघते. विलीनीकरणानंतर संस्थानी मोटारींना मुंबई राज्याचे क्रमांक घ्यावे लागले. त्यामुळे संस्थानी गाडीची सर्वांत जुनी शासकीय नोंद १९४८ नंतरची निघाली, तर तेवढ्यावरून गाडी त्या वर्षीची मानू नये.

पाटीवरील अक्षरे काळाची ढोबळ हद्द सांगतात. ‘बी’ने सुरू होणारी अक्षरमाला मुंबई राज्याची, ‘एम’ने सुरू होणारी १९६० नंतरच्या महाराष्ट्राची. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाल्यावर ‘एमएच’ आणि कार्यालयाचा क्रमांक असा आजचा साचा आला. ठाण्याचा क्रमांक ०४, वसई कार्यालयाचा ४८. जव्हार-मोखाडा ज्यात आहेत तो पालघर जिल्हा ठाण्यातून २०१४ साली वेगळा झाला. १९५० च्या दशकातील गाडीवर ‘एमएच’ क्रमांक असेल, तर ती परराज्यातून आली किंवा लष्करी लिलावातून उशिरा मुलकी पासिंगला गेली, असा तर्क आधी करावा. लष्कराच्या क्रमांकात उभ्या बाणानंतरचे दोन अंक खरेदीचे वर्ष दाखवतात. जुन्या रंगाच्या थराखाली ते सापडले, तर आरसी बुकापेक्षा मोलाचे ठरतात.

लोखंडाची साक्ष : या डोंगराळ भागात जुन्या मोटारीचा प्रश्न मुख्यतः जीपच्या रूपाने येतो. खोडाळ्याहून विहिगावमार्गे कसाऱ्याकडे उतरणारा रस्ता आणि येथला पाऊस पाहता चार चाकांना जोर असलेली गाडी का टिकली, हे वेगळे सांगायला नको. पण तोच पाऊस पुरावाही खातो. चेसिसच्या पट्ट्यांत चिखल साचतो, गंज धरतो आणि ठोकलेला क्रमांक पुसट होतो. अशा वेळी रॉकेल आणि मऊ ब्रश वापरावा. ग्राइंडर किंवा सॅन्डपेपर मुळीच लावू नये, कारण एकदा घासला गेलेला आकडा परत मिळत नाही. क्रमांक स्वच्छ झाल्यावर त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धातील जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलीस (एमबी) आणि फोर्ड (जीपीडब्ल्यू), १९४१ ते १९४५ या काळात. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ‘एफ’ अक्षर ठोकले. दोन्हींच्या डॅशबोर्डवरील पत्र्याच्या पाटीत लष्कराला गाडी दिल्याची तारीख असे. मात्र तशा पाट्या आता नव्या मिळतात, म्हणून चेसिसवरच्या क्रमांकाशी मेळ बसल्याशिवाय त्या प्रमाण धरू नयेत. युद्धकालीन जीपच्या जाळीला नऊ फटी, तर मुलकी सीजेला सात. सीजे-२ए १९४५ ते १९४९ मधली. १९५३ ची सीजे-३बी उंच बोनेटवरून लगेच ओळखू येते, कारण तिच्यातल्या हरिकेन इंजिनाची उंची जास्त होती.

येथे भारतीय अडचण सुरू होते. मुंबईत महिंद्रा अँड महिंद्राने आधी सुटे भाग जोडून आणि पुढे स्वतः घडवून जीप काढली, आणि ३बीचा चेहरा अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे दीर्घकाळ चालू ठेवला. म्हणून भारतीय ३बीचे वर्ष चेहऱ्यावरून सांगणे व्यर्थ आहे. त्यातच बहुतेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले. इंजिनाचा क्रमांक चेसिसशी जुळला नाही, तर गाडी खोटी ठरत नाही. तिचे इंजिन कधीतरी बदलले, एवढेच त्यातून कळते.

इंग्लिश गाडीत लुकास कंपनीचा डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर हे भाग तपासावेत. त्यांवर महिना आणि वर्ष ठोकलेले असते. असे तीन-चार भाग एकाच सुमाराचे निघाले, तर गाडी त्यानंतर थोड्याच दिवसांत बनली असे धरायला हरकत नाही. एकटा भाग पुरावा नव्हे, तो बदललेला असू शकतो. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्या जोडल्या, तर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून. अशा गाडीत परदेशी कारखान्याची तारीख आणि मुंबईतील जोडणीची तारीख यांत महिन्यांचे अंतर पडते. मॉरिस, ऑस्टिन यांच्या कारखान्यांची दप्तरे इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपली आहेत. चेसिस क्रमांक कळवल्यास तेथून बांधणीची तारीख व मूळ रंग यांचा दाखला मिळतो. सतरा अक्षरांचा एकसारखा क्रमांक १९८० च्या दशकात रूढ झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत निराळी होती.

कायद्यातील वय : जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. येथे मोजले जाते ते नोंदणीपासूनचे वय, त्यामुळे १९४४ ची लष्करी लिलावातली जीप मुलकी पासिंगला ज्या वर्षी गेली, तेथून तिची पन्नाशी सुरू होते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेले वाहन या वर्गात बसत नाही. डिझेल बसवलेली, मागे बाकडी टाकून लांबवलेली जीप त्यामुळे वयाने पात्र असूनही या नोंदीबाहेर राहते.