रंग बदललेला हिरा : अस्सल, तरीही निराळा

लग्नसराई जवळ आली की नांदेडचा सराफा आणि लातूरच्या गंजगोलाई परिसरातील सराफी पेढ्या गजबजू लागतात. सोन्याच्या बाबतीत येथील गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या चोखंदळ आहे. तोळा, घट, मजुरी आणि आता हॉलमार्क यांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. हिऱ्याची अंगठी घेताना मात्र बहुधा खड्याचा पांढरेपणा आणि त्याची लकाकी एवढेच पाहिले जाते. हा पांढरेपणा खड्याला भूगर्भात लाभला की यंत्रशाळेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नैसर्गिक हिऱ्याचा रंग प्रचंड दाब आणि उष्णता देऊन बदलता येतो. असा हिरा खोटा नसतो, पण त्याची किंमत निराळी असते. म्हणून या प्रक्रियेची तोंडओळख ग्राहकाला असणे आवश्यक आहे.

गोवळकोंड्याचा वारसा

हिरा हा विषय मराठवाड्याला परका नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीलगतचा गोवळकोंडा एकेकाळी हिऱ्यांच्या व्यापाराचे जगप्रसिद्ध केंद्र होता. हिरे प्रत्यक्षात निघत ते कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात या खाणींचे वर्णन लिहून ठेवले आहे. नांदेडला गोदावरीवर नगीना घाट आहे. भेट मिळालेला एक मौल्यवान खडा गुरू गोविंदसिंहांनी येथे नदीत टाकला, अशी शीख परंपरा सांगते. घाटाचे नाव त्यावरूनच पडले.

गोवळकोंड्याच्या नामांकित हिऱ्यांची ख्याती त्यांच्या ‘पाण्या’साठी, म्हणजे विलक्षण पारदर्शकतेसाठी होती. आधुनिक रत्नशास्त्राने त्याचे कारण शोधले आहे. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांत कार्बनबरोबर थोडा नायट्रोजनही अडकलेला असतो. त्यांना ‘टाइप वन’ म्हणतात. ज्यांत नायट्रोजन जवळजवळ आढळतच नाही, ते ‘टाइप टू-ए’. कोहिनूर याच वर्गातला. निसर्गात या वर्गाचे प्रमाण शेकडा एक-दोन इतकेच आहे. गंमत अशी की, रंग घालवण्याची आधुनिक प्रक्रिया सर्वांत यशस्वी ठरते तीही याच वर्गातील तपकिरी हिऱ्यांवर.

तपकिरी छटा येते कशी?

हिरा पृथ्वीच्या पोटात सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर तयार होतो. तेथील हालचालींत स्फटिकावर ताण येऊन त्याची रचना किंचित पिळवटली जाते. अणूंच्या सुबक मांडणीत काही जागा रिकाम्या राहतात आणि अशा जागांचे पुंजके प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात. परिणामी हिरा तपकिरी दिसतो. ही छटा कोणत्याही परक्या द्रव्याची नसून रचनेतील दोषाची असते. ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाणीत असे तपकिरी हिरे विपुल निघत. २०२० साली बंद झालेल्या या खाणीचा बराच माल पैलू पाडण्यासाठी भारतात येत असे.

रचनेतील दोष उष्णतेने दुरुस्त करता येईल, हा विचार स्वाभाविक आहे. माणिक आणि नीलम तापवून त्यांचा रंग खुलवण्याची रीत जुनीच आहे. परंतु हिऱ्याचे तसे नाही. उघड्या हवेत सुमारे सात-आठशे अंशांच्या पुढे हिरा जळू लागतो. दागिना दुरुस्त करताना ज्योत थेट लागली, तर खड्याचा पृष्ठभाग धुरकट होतो, हे कारागिरांना ठाऊक असते. हवा काढून घेऊन अतिशय तापवले, तर हिऱ्याचे रूपांतर पेन्सिलीतल्या शिशात, म्हणजे ग्रॅफाइटमध्ये होऊ लागते. हे टाळायचे असेल, तर उष्णतेबरोबर दाबही हवा.

दाब आणि उष्णता

निवडलेला खडा एका विशिष्ट माध्यमात बसवून भव्य दाबयंत्रात ठेवला जातो. दाब असतो वातावरणाच्या सुमारे ५० ते ७० हजार पट आणि तापमान साधारण १,८०० ते २,५०० अंश सेल्सियस. या स्थितीत रिकाम्या जागांचे पुंजके विस्कटतात आणि तपकिरी छटा नाहीशी होते. उच्च दाब आणि उच्च तापमान यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रक्रियेला ‘एचपीएचटी’ म्हणतात.

सर्व हिऱ्यांवर परिणाम सारखा होत नाही. टाइप टू-ए वर्गातील तपकिरी हिरा रंगहीन होतो, क्वचित गुलाबीही. बोरॉन असलेल्या दुर्मिळ ‘टाइप टू-बी’ हिऱ्यातील करडी-तपकिरी झाक गेली की मूळची निळाई वर येते. नायट्रोजनयुक्त हिऱ्यात मात्र सुट्या झालेल्या रिकाम्या जागा नायट्रोजनशी जोडल्या जातात आणि खडा पिवळा किंवा पिवळट हिरवा होतो. तडा किंवा मोठा अंतर्दोष असलेला खडा या दाबाखाली फुटण्याचा धोका असल्याने स्वच्छ खडेच निवडले जातात. प्रक्रियेत पृष्ठभाग खरवडला जातो, म्हणून नंतर पुन्हा पॉलिश करावे लागते. बदललेला रंग कायमचा असतो. तो धुतल्याने जात नाही किंवा काळाबरोबर फिका पडत नाही.

१९९९ची खळबळ

ज्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५४ साली प्रयोगशाळेत हिरा बनवला होता, तिनेच न्यूयॉर्कच्या लझार कॅप्लान या हिरे कंपनीबरोबर मार्च १९९९मध्ये ही प्रक्रिया केलेले नैसर्गिक हिरे बाजारात आणत असल्याचे जाहीर केले. हे हिरे ओळखता येणार नाहीत, अशी भीती पसरताच जगभरच्या व्यापारात खळबळ उडाली. तपकिरी म्हणून स्वस्तात घेतलेला खडा सर्वोच्च प्रतीचा म्हणून विकला गेला, तर हिऱ्याच्या दर्जावरील विश्वासच उडाला असता. व्यापाराच्या दबावानंतर या हिऱ्यांच्या कडेवर लेसरने ‘जीई पीओएल’ ही अक्षरे कोरली जाऊ लागली. मात्र कोरलेली अक्षरे घासून काढता येतात. त्यामुळे खरी जबाबदारी प्रयोगशाळांवर येऊन पडली.

ओळख कशी पटते?

साध्या भिंगाखाली हा फरक बहुधा दिसत नाही. दुकानात वापरले जाणारे हिरा तपासण्याचे पेनही येथे निरुपयोगी ठरते. ते उष्णतेचे वहन मोजते, आणि हा खडा तर हिराच असतो. प्रयोगशाळा आधी संशयित वेगळे काढतात. टाइप टू-ए हिऱ्यातून लघुलहरी अतिनील किरण आरपार जातात, इतर बहुतेक हिऱ्यांतून जात नाहीत. हा गुण दाखवणाऱ्या रंगहीन हिऱ्याची पुढे सखोल तपासणी होते. त्याला द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून त्यावर लेसरचा झोत टाकतात आणि परत येणाऱ्या प्रकाशाचे विश्लेषण करतात. दाब-उष्णतेतून गेलेल्या रचनेच्या खुणा त्यातून उमटतात. अंतर्दोषांभोवती ग्रॅफाइटची काळी कडा दिसणे, हीही एक खूण आहे. हे काम कोणत्याही पेढीच्या गल्ल्यावर होण्यासारखे नाही. नांदेड-लातूरच्या ग्राहकाला खड्याची अशी तपासणी हवी असेल, तर मुंबईसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेची वाट धरावी लागते. खडा दागिन्यात जडवण्यापूर्वीच तपासणे सोयीचे असते.

एका नावाचे तीन अर्थ

‘एचपीएचटी’ हा शब्द हल्ली जाहिरातींत सर्रास दिसतो आणि घोटाळा येथेच होतो. या पद्धतीने प्रयोगशाळेत नवा हिरा वाढवता येतो, हा पहिला अर्थ. ‘सीव्हीडी’ या वायूआधारित पद्धतीने वाढवलेल्या हिऱ्याची तपकिरी झाक घालवण्यासाठीही ती वापरतात, हा दुसरा. खाणीतून निघालेल्या हिऱ्याचा रंग बदलणे, हा तिसरा अर्थ आणि या लेखाचा विषय. तिन्ही वस्तू रसायनशास्त्राच्या दृष्टीने हिरेच आहेत. बाजारात मात्र त्यांचे मोल भिन्न आहे. निसर्गतः रंगहीन असलेला खडा दुर्मिळ म्हणून महाग. प्रक्रियेने रंगहीन झालेला खडा तेवढाच देखणा असला, तरी त्याला तो भाव मिळत नाही.

ग्राहकाने काय करावे?

हॉलमार्क आणि त्यावरील सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, खड्याची नव्हे. ही गल्लत प्रथम टाळावी. मोठ्या खड्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे, त्यात प्रक्रियेसंबंधी शेरा आहे का ते वाचावे आणि प्रमाणपत्राचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर पडताळावा. पावतीवर केवळ ‘हिरा’ असे न लिहिता ‘नैसर्गिक, रंगप्रक्रिया न केलेला’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. हिरेव्यापाराच्या आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार प्रक्रिया उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. माहिती दडवून विक्री झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तेव्हा पावतीवरील ही एक ओळच सर्वांत मोठा आधार ठरते.

प्रक्रिया केलेला हिरा घेण्यात कमीपणा नाही. कमी खर्चात सुंदर, टिकाऊ खडा हवा असेल, तर तो रास्त पर्याय आहे. आक्षेप आहे तो न सांगता विकण्याला. मुलीच्या लग्नासाठी हळद-सोयाबीनच्या पैशांतून घेतलेली अंगठी उद्या अडीअडचणीला मोडायची वेळ आली आणि तेव्हाच खड्याची खरी कुळकथा कळली, तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही. पेढीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेला विश्वासही त्याबरोबर जातो.