अभ्र्यावरची छापनक्षी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा भगिनींचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, इतिहास तो काय लिहिणार! पण आपण उशीच्या अभ्र्यावर छापाने फुले काढतो, त्या कलेची हकीकत मी हौसेने गोळा केली आहे. तीच सांगते.

छाप आपल्याला नवा नाही. भोके पाडलेल्या पत्र्यातून रांगोळी दाबायची, हीच त्याची युक्ती. मथुरा-वृंदावनाकडे कागद कातरून त्यातून सांझी काढतात. जपानात तुतीच्या सालीचा कागद थरावर थर चिकटवून त्याला एका कच्च्या फळाचा रस पाजीत. ते फळ आपल्या तेंदूच्याच कुळातले. कागद असा पक्का झाला की त्यात नक्षी कोरून कापडावर तांदळाची खळ लावीत. खळीखालचा भाग रंगत नसे. ऑफिसातले सायक्लोस्टाइलही याच जातीचे. 1942 च्या चळवळीत गुप्त पत्रके त्यावर निघत.

रंगाची गोष्ट मात्र दुःखाची आहे. पूर्वी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात आलच्या मुळांपासून लाल रंग काढीत. पळसफुलांचा पिवळा, हिरडा आणि लोखंडाचा काळा. 1869 च्या सुमारास जर्मनीत लाल रंग कारखान्यात तयार होऊ लागला, 1897 त निळीचेही तसेच झाले, आणि आपल्या रंगाऱ्यांचा धंदा बसला. पुढे 1934 साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालालजी बजाजांनी त्यासाठी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. ते आजही उभे आहे. घरच्या हाताला काम मिळावे, हाच त्यामागचा विचार.

माझ्या घरी ही कला आली ती सासूबाईंच्या मोडलेल्या मनगटामुळे. त्या अंगणात पडल्या. हाड सांधले, पण सुई काही धरवेना. भरतकामाचा हात तो! दिवसभर नुसत्या बसून असायच्या. एके दिवशी मी त्यांचा एक्स-रेचा फोटो रद्दीत टाकायला निघाले, तशा म्हणाल्या, "सूनबाई, फेकू नका. कागद भिजतो, हा नाही भिजायचा. याचा छाप कोरा."

मी कमळ कोरले, तर मधला गाभा गळूनच पडला! त्या हसल्या. म्हणाल्या, "पाकळी कशाला तरी धरून पाहिजे ना?" मग कुठे सांधा ठेवायचा ते बोटाने दाखवीत गेल्या आणि मी कोरीत गेले.

पहिला अभ्रा धुण्यात फिका पडला. चूक माझीच, कोऱ्या कापडाची खळ मी काढली नव्हती. तेव्हा भगिनींनो, आधी कापड धुऊन वाळवावे. खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. ब्रशला रंग अगदी थोडा घ्यावा आणि तो टिपावा, घासू नये. घासला की कडेखाली शिरतो. एक दिवस सावलीत वाळवून उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी. आत सावरीचा कापूस भरला की उशी मऊ राहते.

सासूबाई गेल्या त्याला आता तीन वर्षे होतील. त्यांच्या जुन्या खादीच्या लुगड्याचा अभ्रा माझ्या उशाला आहे. छाप अजून शाबूत आहे. उजेडात धरला की कमळाच्या सांध्यांमागे त्यांच्या मनगटाची हाडे दिसतात.

बाजारात तयार अभ्रे स्वस्त मिळतात, हे खरे. पण ज्यांचा हात थकला, त्यांचे डोळे आणि बुद्धी थकलेली नसते. आपल्या मंडळातल्या वयस्कर बाया "आता आमचे काय काम?" म्हणून मागच्या ओळीत बसतात. त्यांना पुढे बोलवावे. त्यांनी सांगावे, मुलींनी कोरावे. येताना घरातला एखादा जुना एक्स-रे आणावा, एवढीच विनंती.