तळटीप १७ : ‘आल्फा केस’

१७. ‘आल्फा केस’ : टायटेनियमच्या मिश्रधातूचा भाग भट्टीतील हवेत दीर्घकाळ तापला असता त्याच्या पृष्ठभागी जो कठीण परंतु ठिसूळ थर निर्माण होतो, त्यास कारखान्यांत हे नाव आहे. ग्रंथकारास येथे अभिप्रेत असलेली मिश्रधातू ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेली, १९५० च्या दशकात अमेरिकेत सिद्ध झालेली होय. तिच्यात षट्कोनी ‘आल्फा’ व घनाकृती ‘बीटा’ अशा दोन्ही स्फटिकरचना एकत्र नांदतात, आणि सुमारे ९९५ अंश सेल्सिअसच्या वर सर्वच बीटा होते. परंतु त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली, साधारणतः ५५० अंश ओलांडले की, हवेतील प्राणवायू धातूत झिरपू लागतो, व तो आल्फेस स्थैर्य देणारा असल्यामुळे पृष्ठभागी बीटाचा मागमूस उरत नाही. नगाचा छेद घासून आम्लाने खोदला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली हा थर पांढऱ्या पट्टीसारखा स्वच्छ दिसतो. ताण पडताच पहिला तडा येथेच जातो आणि वारंवार उलटसुलट भार सोसण्याची ताकद घटते. म्हणून नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणात तो विरघळवून काढण्याचा दस्तूर आहे, आणि तपासनिसाने खातरजमा केल्याखेरीज विमानाचा असा नग पुढे धाडणे सर्वथा गैर होय. अंतर्भागातील आल्फेचे पापुद्रेही अतितापाने जाड होतात व धातूचे बळ उतरते. तो दोष मात्र आम्लाने निघत नाही.