ठरवण्याआधीची बैठक

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. तिथल्या ग्रामसभेवर पुष्कळ लिहिलं गेलं. तिच्या आधी बसणाऱ्या अभ्यास गटाकडे मात्र कमी जणांचं लक्ष गेलं.

ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं आणि या भागात जंगल कुणाचं, यावर बोलणं सुरू झालं. त्यानंतर चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्यात पोचले. लोक आणि जंगल हा त्यांचा विषय, पण अभ्यास करायचा तो गावानेच, असा त्यांचा आग्रह. गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांना तो पटला.

गटाला ठरलेले सभासद नाहीत. ज्याला विषयात रस, त्याने यावं. बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात, खोदून खोदून विचारतात. तिथे ठरवायचं मात्र काहीच नाही! ठरवायचं ते ग्रामसभेत, तेही सर्वसहमतीने; एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा. त्यामुळे गटात जिंकणं-हरणं उरत नाही आणि माणूस आपली शंका मोकळेपणी मांडतो. पहिल्याच बैठकीत ठराव उरकणाऱ्या सरकारी समित्यांनी इथे येऊन नुसतं बसावं.

मधाचंच घ्या. आग्या मोहोळाखाली जाळ केला की माश्या मरतात. चर्चा आणि प्रयोगांतून माश्या न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग काढायची पद्धत गावाने आत्मसात केली.

वनहक्क कायदा आला तेव्हा अशा अभ्यासाची सवय मुरलेली होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबूवर अडलंच. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज, तर वनखात्याच्या लेखी तो इमारती लाकडात मोडणारा. त्यामुळे वाहतूक परवाना मिळेना. गाव कायद्याच्या कलमावर बोट ठेवून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. तिथेही नियम गावाने चर्चा करून लिहिले. तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटतात, वणवे लावतात, हे पाहून पाचगावने पानं तोडणंच थांबवलं. उन्हाळ्यातल्या रोख कमाईवर त्यामुळे पाणी सोडावं लागलं.