फियाटमध्ये पंपाचे इंजिन

वसमत तालुक्यातील एका गावी आमचे एक जुने शिक्षक राहत असत. विज्ञान शिकवीत. त्यांच्या मागे घराच्या पडवीत दोन यंत्रे उरली. एक प्रीमियर पद्मिनी मोटार. तिच्या पाटीवर अजून 'एमएच-२२', म्हणजे परभणीचा क्रमांक आहे, कारण ती घेतली तेव्हा हिंगोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी झाला. पाणी कमी असताना उन्हाळ्यात चालवल्यामुळे तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. दुसरे यंत्र म्हणजे विहिरीवरचे ५ अश्वशक्तीचे ऑइल इंजिन. शेतात विजेचा पंप आला आणि ते पडवीत येऊन बसले.

सरांचा नातू बारावीत शिकतो. त्याने आम्हाला विचारले, "काका, या गाडीला इंजिन नाही आणि या इंजिनाला काम नाही. मग हे तिच्यात का बसवू नये?" जमलेले सगळे हसले. आम्हीही हसणार होतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण पद्मिनीचा आणि तिच्या सोबतिणींचा इतिहास पाहिला तर तो बराचसा इंजिने बदलण्याचाच इतिहास आहे.

एकच शरीर, अनेक इंजिने

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० ही मोटार येथे बनू लागली. पन्नाशीच्या दशकातील गोलमटोल गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. १९६४ साली '११०० डी' हे चौकोनी अंगाचे मॉडेल आले. त्याचीच पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी' झाली.

या गाडीत एक गंमत आहे. इटलीत ११०० डी या मॉडेलला १२२१ सीसीचे इंजिन होते, भारतातल्या गाडीला मात्र १०८९ सीसीचे. दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटरच होती. फरक होता सिलिंडरच्या व्यासात: तिकडे ७२ मिलिमीटर, इकडे ६८. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने गुणून त्याची चौपट केली की दोन्ही आकडे अचूक येतात. नववी-दहावीच्या वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे. म्हणजे जन्मापासूनच या शरीरात एकाहून अधिक इंजिने नांदत होती.

पुढचे बदल इंधनाच्या किमतीने घडवले. १९७३ आणि १९७९ साली जगभर तेलाचे भाव भडकले. आपल्याकडे शेती आणि मालवाहतूक यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवण्याचे धोरण होते, त्यामुळे पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांत मोठी तफावत राहिली. मग मोटारीत डिझेल इंजिन बसवण्याकडे कल वाढला. अँबॅसडरला १९८० च्या सुमारास १४८९ सीसीचे डिझेल इंजिन मिळाले. पद्मिनीला नव्वदच्या दशकात इटलीच्या एफएनएम कंपनीच्या रचनेचे १३६६ सीसीचे डिझेल इंजिन मिळाले आणि ती '१३७ डी' म्हणून ओळखली गेली. कारखान्यांबाहेर, गावोगावच्या गॅरेजांतही हेच चालले होते. मिस्त्री जुनी डिझेल इंजिने आणून पेट्रोलच्या गाड्यांत बसवीत.

त्याच प्रीमियर कंपनीने १९८५ साली '११८ एनई' ही गाडी आणली. तिचे शरीर फियाट १२४ चे, म्हणजे इटलीत १९६६ साली जन्मलेले, तर इंजिन जपानच्या निस्सान कंपनीचे, ११७१ सीसीचे. कंपनीने निस्सानच्या इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे तो आपल्या कामी येणार आहे.

नंतर भावांचे गणितही बदलले. पेट्रोलचे भाव २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि तफावत कमी होत गेली. मुंबईत धुराच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. येथे इंजिन तेच राहिले, इंधन बदलले. मात्र सिलिंडरने डिकीतील जागा खाल्ली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली.

आधी गाडी ढकलून पाहू

तेव्हा नातवाचा प्रश्न इतिहासाला धरूनच होता. आता तो पदार्थविज्ञानाला धरून आहे का, ते पाहू. पद्मिनीचे मूळ इंजिन सुमारे ४० अश्वशक्तीचे. पंपाचे फक्त ५ अश्वशक्तीचे. एवढ्यावरच बहुतेक जण 'नाही' म्हणून मोकळे होतील. पण गाडीला खरोखर किती शक्ती लागते?

आम्ही चाकांत हवा भरली, गाडी घरासमोरच्या सपाट डांबरी रस्त्यावर आणली आणि वजनाचा काटा मागे उभा धरून त्यावर हात टेकून ती संथ गतीने ढकलली. काटा बारा आणि पंधरा किलो यांच्यामध्ये थरथरत राहिला. सुमारे ९०० किलोंची गाडी चालती ठेवायला जेमतेम तेरा-चौदा किलोंचा रेटा! पोरे चकित झाली. हा लोळण-रोध वजनाच्या साधारण दीड टक्का असतो.

आता हिशेब करू. माणसे आणि सामान धरून एकूण वस्तुमान १२०० किलो मानू. लोळण-रोध झाला १२०० × ९.८ × ०.०१५, म्हणजे सुमारे १७६ न्यूटन. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या जुन्या चौकोनी आकारासाठी रोध-गुणांक ०.५ आणि समोरचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर मानले, तर ताशी ४० किलोमीटरला तो सुमारे ६७ न्यूटन आणि ताशी ६० ला १५० न्यूटन येतो. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. ताशी ४० ला ती २.७ किलोवॅट येते. गिअर आणि डिफरन्शियलमध्ये पंधरा टक्के वाया जातात असे धरले, तर इंजिनाने ३.२ किलोवॅट द्यायला हवेत. पंपाचे इंजिन देते ३.७ किलोवॅट.

म्हणजे सपाट रस्त्यावर पाच अश्वशक्तीचे इंजिन पद्मिनीला ताशी ४० किलोमीटरने नेऊ शकेल! ताशी ६० साठी मात्र साडेआठ अश्वशक्ती लागतील. मूळ इंजिनाची उरलेली तीस अश्वशक्ती चढ, झटकन वेग घेणे आणि मोठे वेग यांच्यासाठी राखलेली होती.

शक्ती पुरेशी असली तरी ती योग्य फेऱ्यांवर मिळायला हवी. मूळ इंजिन मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देते, पंपाचे इंजिन १५०० फेऱ्यांवर, आणि त्याचा गव्हर्नर त्याला तेथेच धरून ठेवतो. चाकाचा परीघ १.८५ मीटर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.३ मानू. वरच्या गिअरमध्ये १५०० भागिले ४.३ म्हणजे चाकाच्या मिनिटाला सुमारे ३५० फेऱ्या, आणि वेग ताशी ३९ किलोमीटर. दोन वेगळ्या वाटांनी काढलेली उत्तरे जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. नातवाचा चेहरा फुलला.

चढ आला की चित्र बदलते. वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढणारा रस्ता घ्या. १२०० किलोंची गाडी वर नेण्यासाठीच ५८८ न्यूटन जादा लागतात. चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या ३.१५ किलोवॅटमध्ये वेग मिळतो ताशी पंधरा किलोमीटरच्याही आत. पण दुसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांना त्याहून थोडा अधिक वेग येतो, म्हणून पहिला गिअर टाकावा लागेल आणि गाडी ताशी दहाने चढेल. म्हणजे बैलगाडीहून वेगाने, सायकलस्वाराहून हळू.

गणितात न आलेली माणसे

येथवर प्रकल्प हळू का होईना, शक्य दिसत होता. शेजारचे मिस्त्री इतका वेळ ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, हे इंजिन विहिरीवर कशाला बांधलं होतं?" इंजिन सिमेंटच्या ओट्यात बोल्टने घट्ट बसवलेले होते. खरी अडचण तिथेच आहे.

चार-धावेच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. १५०० फेऱ्यांना ते मिनिटाला ७५० धक्के, म्हणजे सेकंदाला साडेबारा. चार सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्याच फेऱ्यांना सेकंदाला पन्नास धक्के बसतात, तेही बारीक. मोटारीची चाके आणि आस टायरवर नाचण्याची स्वाभाविक वारंवारिता साधारण सेकंदाला दहा ते पंधरा असते. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की झोका वाढत जातो. पंपाचे इंजिन नेमक्या याच लयीत गाडीला हलवील. विहिरीवर ते धक्के ओटा आणि जमीन पचवीत होती. पत्र्याच्या गाडीत ते जोड सैल करतील, नळ्या तोडतील. धक्के सपाट करण्यासाठी इंजिनाला जड फ्लायव्हील असते खरे, पण त्याने फेऱ्यांची चाल सम होते, इंजिनाचे थरथरणे थांबत नाही.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. पंपसेटमध्ये विहिरीतून उपसलेल्या पाण्यातलेच थोडे इंजिनाच्या आवरणातून फिरवत. विहीर हाच त्याचा रेडिएटर! इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला येतो आणि तेवढाच पाण्यात जातो. तेव्हा तीन-चार किलोवॅट उष्णता बाहेर टाकणे पद्मिनीच्या रेडिएटरला अवघड नाही. पण पाणी फिरवणारा पंप आणि त्याचा पट्टा नव्याने बसवावा लागेल. ज्या गाडीचे इंजिन पाण्याअभावी तडकले, तिच्या बाबतीत याला दुय्यम मानता येणार नाही.

तिसरी गोष्ट जोडणीची. नव्या इंजिनाचा फ्लायव्हील जुन्या क्लचला आणि गिअरबॉक्सला मधोमध जुळायला हवा. मिलिमीटरच्या अंशाइतका फरकही बेअरिंग खातो. ११८ एनईमध्ये इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निस्सानचा होता हे आठवावे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडी एकमेकांसाठी बेतलेली असते. कारखान्यांनी बहुधा जोडी बदलली. गॅरेजांनी इंजिन बदलले आणि उरलेले प्रश्न वाटेत सोडवले.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. शेतीपंपाचे इंजिन मोटारीच्या धुराच्या कसोट्यांसाठी तपासलेलेच नसते. जुन्या मोटारी जपणाऱ्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले. त्यांत पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच 'व्हिंटेज' म्हटले आहे. इंजिनात मोठा बदल केला की तो मान जातो.

आजचा पर्याय

आज याच प्रश्नाला विजेच्या मोटरचे उत्तर दिले जाते आणि मान्यताप्राप्त संच वापरून असा बदल करण्याची तरतूदही नियमांत आहे. वरचेच आकडे येथे वापरता येतात. ताशी ६० ला चाकांपाशी ५.४ किलोवॅट, म्हणजे किलोमीटरला ९० वॅट-तास. १५ किलोवॅट-तासांची बॅटरी कागदावर दीडशेहून अधिक किलोमीटर नेईल, प्रत्यक्षात त्याहून कमी. मोटर स्थिर अवस्थेतूनच भरपूर टॉर्क देते आणि तिला धक्के नाहीत. पण बॅटरीचे वजन कोठे ठेवायचे, त्याने पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार कसा बदलेल आणि जुने ब्रेक ते पेलतील का, हे प्रश्न येथेही उभेच आहेत.

नातवाने सर्व आकडेमोड आजोबांच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर उतरवली. शेवटी त्याने लिहिले: 'शक्ती: पुरते. वेग: जुळतो. धक्के: नाही. कायदा: नाही.' आधी सगळे हसले होते तेही 'नाही'च म्हणत होते. पण त्यांचे कारण होते 'पाच घोडे आणि चाळीस घोडे', आणि ते चुकीचे होते.

मिस्त्रींनी महिनाभरात नांदेडच्या भंगारातून त्याच जातीचे १०८९ सीसीचे इंजिन मिळवले. त्याच्या बदलाचे कागद अजून फिरत आहेत. ऑइल इंजिन पुन्हा शेतात गेले आहे. रात्रीची वीज गेली की हळदीला पाणी तेच देते.